बगळीचा डावा सड

घरी आलेल्या माणसानं आधी ओट्यावर बसावं, पाण्याचा गडवा तोंडाला लावावा, मग काय ते काम सांगावं. हा धम्मदीप आला तो सरळ अंगणातल्या नळावर गेला आणि हात धुवायला बसला. आमच्या घरात अजून पाय टाकला नव्हता, कोणत्या वस्तूला बोट लावलं नव्हतं, आणि हा कोपरापर्यंत साबण घासत होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. निवडता निवडताच विचारलं, "काहून गा, रस्त्यात काही शिवलं काय तुले?"

तो हसला नाही. "नाही जी, आजी. गाईले हात लावाचा आहे ना."

म्हणजे गाईसाठी हात धुवायचे. माणसांशी दोन शब्द बोलायची गरज नाही.

मी गाव विचारलं. लाखनी म्हणाला. बाप काय करतो? चिखल्याच्या खाणीत होते, आता घरी असतात. नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचं मोठं शिक्षण चालू आहे, तेही सांगितलं. मग मी आडनाव विचारलं. त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं आणि आडनाव सांगितलं, आणि सांगून तसाच उभा राहिला. जसं काही यापुढं मी काय बोलणार ते त्याला पाठ होतं. मी सुनेला हाक मारली, चहा टाक म्हणून.

रुपानं चहा आणला. आम्ही घरचे स्टीलच्या पेल्यात घेतो. त्याच्यासाठी तिनं चिनीचा कप आणला, कान तुटलेला. त्यानं कपाकडं पाहिलं. "नमुने घेतानी मी काही खात-पीत नाही जी," म्हणाला, आणि पिशवी उचलून गाईंच्या कोठ्यात शिरला. चहावर साय धरली. शेवटी मांजरानं पिला.

आता तो आमच्या कोठ्यात कशापायी आला, ते सांगते.

मी आनंदाबाई. एकोडीत या घरी लग्न होऊन आले तेव्हा अक्षर जुळवून वाचता येत होतं, आजही तेवढंच येतं. पण दूध काढण्यात माझा हात धरणारी बाई या गावात नाही, हे माझ्या वैरिणीसुद्धा सांगतील. आमच्याकडं तीन गाई. बगळी म्हातारी, पांढरीशुभ्र, शिंगं कानाकडं वळलेली. तिच्या अंगाला कधी सुई लागली नाही आणि तिचं दूध कधी फाटलं नाही. दुसरी जामुनी, जर्सीची जात, काळपट जांभळी. तिसरी टिकली, पहिल्याच वेताची, तिचे दिवस भरायचे होते.

जामुनी पोळ्याच्या सुमाराला व्याली. पहिलारू होती, म्हणजे पहिलंच वेत. आमच्या घरची रीत अशी, की पहिलारू व्याली म्हणजे घरातल्या सगळ्यात दुधाळ गाईचं दूध कोमट आहे तोवर वाटीत घ्यायचं आणि घरच्या मोठ्या बाईनं ते नव्या गाईच्या कासेला चोळायचं. चारही सडांना, टोकापर्यंत, जिरेतोवर. चोळताना म्हणायचं, "हिच्यासारखी होय." माझ्या सासूनं बगळीच्या आईचं दूध बगळीला चोळलं होतं. मी बगळीचं दूध जामुनीला चोळलं. हात माझाच, वाटी सासूची, काशाची.

थोड्याच दिवसांत जामुनी दूध काढू देईना. लाथ झाडायची. हात लावला तर मागची एक बाजू तव्यासारखी तापलेली, आणि मग ती बाजू दगड झाली. दगडी म्हणतात या रोगाला. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण बरोबर ठेवलं.

तरी मी दूध वेगळं केलं होतं, त्या सडाचं घेतलं नव्हतं. पण रोग दुसऱ्या सडात आत आत सरकला होता, वरून दिसत नव्हता. सकाळी डेअरीवर कॅन घेऊन गेले. केवळराम तिथं दूध मापतो. माझ्या डोळ्यांदेखत नाकातून शेंबूड गाळत फिरलेला पोरगा. त्यानं झाकण उघडलं, डाव बुडवला, उजेडात धरला.

"काकू, हे परत न्या जी."

"काहून?"

"पाहा ना तुम्हीच."

डावाच्या काठाला बारीक बारीक कण चिकटले होते, भिजलेल्या कण्यांसारखे. माझ्या मागं रांगेत सहा-सात बाया. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. मी भरलेली कॅन घेऊन वस्तीतून परत आले, आणि रस्त्यात जो भेटला त्यानं कॅनकडं पाहिलं. रिकामी कॅन कशी हलते आणि भरलेली कशी हलते, हे एकोडीत लेकरालाही कळते.

दवाखान्याच्या डॉक्टरनं सडात औषधाच्या नळ्या सोडल्या. जाताना म्हणाले, नागपूरचा एक पोरगा या रोगावर लस शोधून राहिला, त्याला पाठवतो, नमुने घेऊ द्या. मी म्हटलं, लस घेऊन येत असेल तर येऊ दे. डॉक्टरनं माझ्या बोलण्यावर नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे तेव्हा पाहायला पाहिजे होतं.

तर हा आला. कोठ्यात उकिडवा बसला. हातात रबराचे मोजे. सडांची टोकं औषधाच्या कापसानं पुसली, पुसलेला कापूस पाहिला, पुन्हा पुसलं. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात सोडल्या, मग छोटी शिशी आडवी धरून दोन धारा आत. झाकण लगेच बंद. शिशी बर्फाच्या डब्यात. जामुनीचं झाल्यावर म्हणाला, "दुसऱ्या दोघींचंही घेतो."

"त्यायले काई झालं नाही."

"म्हणूनच घेतो जी."

हे म्हणूनच काय, ते मला समजलं नाही. ज्याला काही झालं नाही त्याच्या घरी वैद्य जातो काय? माझ्या मनात तिथंच खडा पडला. बी विकणारे आले होते, विमावाले आले होते, छपरावर काच लावून फुकट बत्ती देतो म्हणणारे आले होते. सगळे आधी गोड बोलले. हा गोडही बोलत नव्हता. म्हणजे याचा डाव त्यांच्यापेक्षा मोठा असेल.

बगळीचं घेतलं. टिकली अजून व्याली नव्हती, तिच्या कासेला त्यानं नुसता बाहेरून हात लावला. मग माझ्याकडं वळला.

"आजी, तुमचे हात पाह्याचे होते."

"माहे हात? मी काय दूध देते?"

"दूध तुम्हीच काढता ना?"

"या घरात दुसऱ्या कोनाले येते?"

रुपा दारात उभी होती. तिनं पदर सावरला.

त्यानं कापूस लावलेली काडी पाण्यात ओली केली आणि माझा हात उलटा केला. बोटांच्या बेचक्यातून काडी फिरवली. नखाखालून फिरवली. अंगठ्याच्या पेरावर, जिथं सड दाबून दाबून घट्टा पडला आहे, तिथं तर चांगली घोळून घोळून फिरवली. मी अंगणात उभी, दोन्ही हात पुढं करून, शाळेत छडी खायला पोरं उभी राहतात तशी. कुडाच्या पलीकडून रुखमिणीनं मान वर काढली. ती आमची शेजारीण. तिला फक्त असंच वेळेवर दिसते.

"काय वं आनंदाबाई, ठसे घेऊन राहिले काय? कोनाची चोरी झाली?"

"तुह्या घरची," मी म्हटलं. "पाहून घे जाऊन."

ती हसली. मी हसले नाही. तो पोरगा काडी नळीत घालून त्यावर माझं नाव लिहीत होता.

*

भादवा तसाच ओला गेला. बांधावरचं गवत कापून आणायचं, ते गुडघाभर चिखलातून. कोठ्यात शेण आणि पाणी एक झालेलं, मी राख टाकायची आणि ती पुन्हा चिखल व्हायची. सकाळ-संध्याकाळ जामुनीची कास शेकायची. कोरफड, हळद आणि चुना वाटून त्याचा लेप. चुन्यानं माझ्या बोटांना चिरा पडल्या. दगड झालेल्या बाजूतून दाबून दाबून काढलं तर चुन्याच्या निवळीसारखं पाणी यायचं, वर दोन गाठी. वासरू त्याच बाजूला ढुसण्या द्यायचं. जामुनी पाय उचलायची, आणि मग ठेवून द्यायची. पोटचं आहे ना. मला मारायची ती लाथ वासराला मारत नव्हती.

माझा लेक टेकचंद तेव्हा शेतातच. धान पोटरीत आलं होतं आणि तुडतुडे पडले होते. पाठीवर पंप घेऊन फवारायचा, घरी यायचा तो औषधाचा वास घेऊनच. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "माय, जामुनीले सोडून देऊ बाजारात. एक थान गेलं, दुसरं चाललं."

"अन् घेनाऱ्याले काय सांगशीन?"

"सांगा कायले लागते?"

"माह्या कोठ्यातली गाय खोटं सांगून जानार नाही."

रुपा भाकरी वाढत म्हणाली, "आई, तुमच्या बोटायले चिरा पडल्या. थोडे दिवस मी काढते दूध. मले शिकवा."

मी तिच्याकडं पाहिलं. एकाला बाजार पाहिजे, एकीला कास पाहिजे. या दोघांचं आधी काही बोलणं झालं असेल, असं मला वाटलं. अजूनही वाटते.

"चिरा पडल्या, हात नाही पडले," मी म्हटलं.

*

धम्मदीप दुसऱ्यांदा आला तेव्हा पाऊस उघडला होता. पुन्हा आधी नळ, पुन्हा कोपरापर्यंत साबण. टेकचंद घरी होता. त्यानं खाट टाकली, तर हा पोरगा खाटेच्या काठावर बसला, चटकन उठता येईल असा.

"जामुनीच्या दुधात जो जंतू सापडला," तो म्हणाला, "तोच आजीच्या हातावर सापडला. अन् तोच बगळीच्या मागच्या डाव्या सडात आहे."

"तसाच, का तोच?" टेकचंदनं विचारलं.

"तोच. तिन्ही जागी एकच."

मला हसू आलं. बगळीच्या सडात! जिच्या दुधाचं दही सुरीनं कापावं असं लागते तिच्या! मी म्हटलं, "बाबू, ते दूध आम्ही पितो. नातू त्याच्यावरच मोठा झाला."

"उकळून पिता. उकळल्यावर मरते तो. अन् दूध वरून चांगलंच दिसते जी. तिच्यात तो लपून राहतो, लय वर्षं."

त्याच्याजवळ चार खळग्यांची एक प्लास्टिकची थाळी होती आणि एक जांभळं औषध. दूध टाकायचं, औषध टाकायचं, थाळी गोल फिरवायची. रोगी दूध असेल तर चिकासारखं घट्ट होते. मी म्हटलं, दाखव. तो बगळीकडं निघाला.

"तू बस इथंच. दूध मी आनतो," मी म्हटलं.

मी कोठ्यात गेले. चार वाट्या घेतल्या, चारही सडांचं वेगवेगळं काढलं. कोणती वाटी कोणत्या सडाची, ते फक्त मला माहीत. वाट्यांची जागा बदलली, पुन्हा बदलली, ताटात ठेवून आणल्या. वरून सगळं सारखंच, पांढरं, फेसाळ. माझं मन मला सांगत होतं, की याला बगळीच पाहिजे, कशाला पाहिजे ते पुढं कळेल, म्हणून हा तिचं नाव घेतो. आता पकडते.

त्यानं चारी खळग्यांत दूध ओतलं, औषध टाकलं, थाळी फिरवली. तीन खळग्यांत जांभळं पाणी इकडून तिकडं पळत होतं. चौथ्यात ते पळेना. मधोमध गोळा झालं, शेंबडासारखं, आणि थाळी तिरपी केली तरी काठाला धरून बसलं.

"हे," तो म्हणाला. "हे कोणतं होतं, आजी?"

ते मागच्या डाव्याचं होतं.

"मले नाही आठवत," मी म्हटलं.

त्यानं थाळी खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं नाही, ते बरं केलं.

टेकचंद म्हणाला, "मंग रोगाची जड तेच आहे तं. बगळीलेच काढू. म्हातारीही झाली."

"आधी मले काढ," मी म्हटलं. "मीबी म्हातारी झाली, अन् हातावर माह्याबी आहे."

तेव्हा धम्मदीपनं खरं काम काढलं. "बगळीचं थोडं रक्त पायजे होतं जी."

आलं, मी मनात म्हटलं. आलं ते बाहेर.

"रक्त कायले?"

तो थोडा पुढं सरकला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर जरा उजेड दिसला. "या जंतूच्या अंगावर शेकडो खुणा असतात. आपल्या शरीरानं त्याले ओळखावं तं कोनत्या खुणेनं ओळखावं, हेच समजत नाही. काही खुणा तं तो मुद्दाम पुढं करते, फसवाले. म्हनून आजवर लस नीट बसली नाही. पन बगळीत तो इतकी वर्षं राहून राहिला अन् तिले पाडू नाही शकला. म्हंजे तिच्या रक्तानं त्याची एखादी खरी खूण पक्की धरली असन. ती कोनती, ते मले शोधाचं आहे. लस बनवाची तं त्याच खुणेवर बनवा लागन."

"म्हंजे माही गाय चोरबी अन् शिपाईबी?"

"हो जी. तसंच."

"अन् लस कवा येईन?"

त्यानं लगेच उत्तर दिलं, हे मला फार लागलं. थोडा तरी विचार करायचा होता. "नाही सांगता येत."

"एक वरीस?"

"नाही जी."

"पाच?"

"येईनच असंबी नाही, आजी. माह्याआधी लय मोठ्या लोकायनं शोधली. जामुनीच्या कामाची तं नाहीच."

"मंग ऊठ," मी म्हटलं. "दूध नेलं, हातावरचा मळ नेला, आता रक्त मांगतं. अन् द्याले तुह्याजवळ काय, तं 'नाही सांगता येत.' जा बाबू तू."

तो उठला. डबा बंद केला. अंगणाच्या तोंडाशी गेल्यावर वळला. "बगळीचं दूध सगळ्यात शेवटी काढत जा. अन् तिच्या आधीही, नंतरही हात धुवत जा. लाल औषध डॉक्टरकडं भेटते." मग जरा थांबून म्हणाला, "एक इचारतो. बगळीपासून जामुनीकडं इतकं लवकर कसं गेलं? जामुनी व्याली तवा बगळीचं काई लावलं होतं काय तिले?"

काशाची वाटी माझ्या डोळ्यांपुढं आली. कोमट दूध. टोकापर्यंत, जिरेतोवर.

"काय लावन?" मी म्हटलं. "काई नाही."

रुपा दारात होती. जामुनीच्या वेळी ती वाटी तिनंच धरली होती. तिनं आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. तो गेल्यावरही बोलली नाही. नवऱ्याजवळही बोलली नसावी, कारण टेकचंदनं मला पुढं कधी टोकलं नाही. ती गप्प का राहिली, याचा मी फार विचार केला. माझी एक गोष्ट आता तिच्या गाठीला होती.

*

त्या पोरानं सांगितलं म्हणून मी लगेच काही बदललं नाही. पण दिवाळीनंतर मी बगळीला शेवटी काढू लागले. टेकचंदनं विचारलं तर म्हटलं, गुडघा दुखते, बगळीखाली जास्त वेळ बसवत नाही, म्हणून आधी जामुनी आटपते. लाल औषधाची पुडी नातवाकडून मागवली, बादलीत टाकली. गुडघ्यासाठी आहे म्हटलं. रुपा म्हणाली, "गुडघ्याले हात धुवा लागते काय, आई?" आणि कामाला लागली.

बगळीला कोठ्याच्या शेवटच्या खुंट्याला नेलं. जन्मभर ती दाराजवळ बांधलेली. सकाळी माझ्या पायांचा आवाज आला की तिनं हंबरायचं आणि मी तिच्याजवळ पहिल्यांदा बसायचं. आता मी तिच्या डोळ्यांदेखत आधी जामुनीकडं जाऊ लागले. दोन दिवस तिनं हाक मारली. नंतर माझा आवाज ऐकून भिंतीकडं तोंड करू लागली. तिच्याखाली बसले की दूध सोडायची, पण मान वळवून मला चाटायची ती चाटेना. सुनांचं रुसणं मी पुष्कळ पाहिलं. त्याचं मला काही वाटत नाही.

धान कापून झालं. अंगणात मळणीचं मशीन लावून चुरणं सुरू होतं, घरभर भुसा, डोळ्यांत भुसा, भातात भुसा. त्याच धांदलीत, दुपारी, टिकली व्याली. गोऱ्हा झाला. कास अशी भरून आलेली, की सड चारी दिशांना तोंड करून उभे. टेकचंद मशीनवर. मी गोऱ्ह्याचं नाक पुसत होते.

रुपा आली. हातात काशाची वाटी, वर पदराचं टोक धरलेलं, भुसा पडू नये म्हणून. वाटीत मी सकाळी काढलेलं बगळीचं दूध, चुलीच्या उबेला कोमट ठेवलेलं. सगळं रीतीनं.

तिनं वाटी माझ्यापुढं धरली आणि माझ्या डोळ्यांत पाहत उभी राहिली. हिला माहीत आहे. मला माहीत आहे हेही हिला माहीत आहे. मग वाटी आणलीच कशाला? मला पाहायला आणली. म्हातारी काय करते, ते पाहायला.

मी वाटी घेतली. टिकलीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिच्या पोटाखाली ते चार कोरे सड. मशीनचा आवाज चालू होता. माझ्या सासूचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण तिचे हात आठवतात, दूध चोळतानाचे.

मी वाटी घेऊन मागच्या दारानं उकिरड्याकडं गेले. काडीनं राखेत खड्डा केला, दूध ओतलं, वर राख लोटली. आमच्या घरात दूध सांडलं तर लेकराला मार पडते. रुपा माझ्या मागोमाग आली होती.

"आई, रीत मोडली," ती म्हणाली.

"रीत माही. तुह्या हाती अजून दिली नाही मी. माही आहे तं मीच मोडीन."

ती वळली तशी मी हाक मारली. "कुठं चालली? हात धू. साबन लावून. कोपरापर्यंत."

"मी?"

"टिकलीचं दूध तू काढ. बस खाली. अंगठा मुठीत नको दाबू, सड सोलते. असा पूर्ण हात धर." मी तिच्या हाताला हात लावला नाही, हवेतच मूठ करून दाखवली. "माह्या हातानं टिकलीले आता नाही. बगळी, जामुनी अन् मी, आमी चोर एकीकडं."

तिची पहिली धार बादलीच्या बाहेर गेली. दुसरीही. मला बरं वाटलं. चौथी आत पडली, तेही काही वाईट वाटलं नाही.

*

टिकलीची कास नरम राहिली. मी रोज दुरून पाहायची, रुपाला दाबून दाखवायला लावायची. नरम. जामुनीचा दगड झालेला सड आटून बोटभर राहिला. उरलेल्यांनी दूध धरलं. केवळरामनं कॅन घेतली तेव्हा डाव बुडवला, पाहिलं, आणि "लय छान आहे जी, काकू" म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग मीच रुपाला म्हटलं, त्या लाखनीच्या पोट्ट्याला फोन लाव.

तो आला. नळावर गेला, हात धुतले. रुपानं चहा आणला. मी ताटलीतल्या कपाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. ती आत गेली आणि स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली. त्यानं पेल्याकडं पाहिलं.

"काम झाल्यावर घेतो जी," तो म्हणाला.

"थंडा होईन."

"होऊ द्या. पीन मी."

टेकचंद शेतावरून आला होता. त्याच्यादेखत मी बगळीला शेवटच्या खुंट्यावरून सोडलं आणि उजेडात आणलं. "आयक, टेकचंद," मी म्हटलं. "हिचं रक्त आता नागपूरले जाऊन राहिलं. उद्या याले अजून लागन तं हे येईन. म्हून हे गाय बाजारात जानार नाही, मी असलो का नसलो. आयकलं?"

"आयकलं, माय."

"तू आयकलं काय वं, रुपा?"

"हो, आई."

मी धम्मदीपकडं वळले. त्यानं बगळीच्या मानेवरचे केस पुसले होते, सुई काढली होती, पण लावली नव्हती. माझ्या हो म्हणण्याची वाट पाहत होता. बगळी माझ्याकडं तोंड करून उभी होती.

"एक सांग," मी म्हटलं. "लस कवा येईन?"

त्यानं सुई खाली घेतली. मला वाटलं, आता तरी हा शहाणपणा करेल. गाय समोर आहे, मालकीण नरम झाली आहे, एक शब्द गोड बोलला तर काय जाते?

"नाही सांगता येत, आजी," तो म्हणाला. "तवाबी नव्हतं येत, आताबी नाही."

मी बगळीची वेसण घट्ट धरली. दुसरा हात तिच्या डोळ्यावर ठेवला, तिला सुई दिसू नये म्हणून.

"तू लबाड नाहीस, धम्मदीप," मी म्हटलं, "हे मी पाहून पाहून मानलं. पन तुले अक्कल नाही. पहिल्याच दिवशी 'पुढच्या साली येते' म्हनून थाप मारली असती, तं मी तवाच रक्त देल्लं असतं, अन् तुही शिशी नागपूरले पोचली असती. खरं बोलून तू सगळा हिवाळा घालवला. लाव आता सुई. अन् परत कवा आला, तं हेच उत्तर घेऊन ये. दुसरं काई बोलला, तं कोठ्यात पाय नाही ठेवू द्याची मी तुले."